कृष्णेचा अलीकडचा काठ

"सूर्य अजून वर आहे," मिस थॉर्नली म्हणाल्या. घड्याळाकडे नव्हे, कंपाउंडातल्या उंच शेवग्याच्या शेंड्याकडे बघून म्हणाल्या. "घाई करू नका. शांतपणे घ्या."

माझ्यापुढे तांब्याचा नवा पेला होता. माझ्यासाठी त्यांनी तो वेगळा घेतला होता आणि खानसाम्याला त्याला हात लावू देत नसत. पाणी माझंच, घरून गाळून, तापवून आणलेलं. बशीत केळी होती. बिस्किटं त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतली होती, कारण त्यांत अंडं असतं हे त्यांना माहीत होतं. दिवस मावळल्यावर मी पाणीही घेत नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्यासाठी चहाची वेळ त्यांनी दुपारकडे ओढली होती.

मी तेव्हा हरणगी संस्थानच्या मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होते. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. जैन बायकांच्या श्राविकाश्रमात शिकले आणि धाकट्या भावाकडे येऊन राहिले. आमच्या गावाला खेटून कृष्णा वाहते. नदीच्या अलीकडे संस्थान, पलीकडे इंग्रजी मुलूख. मिस थॉर्नलींचा बंगला पलीकडच्या छावणीत होता. लंडनच्या एका मंडळातर्फे त्या आल्या होत्या. संस्थानांतल्या शाळांना पुस्तकं द्यायची, इंग्रजी शिकवणाऱ्या बायका निवडायच्या, एकीला दरसाल शिष्यवृत्ती देऊन विलायतेच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडायचं, हे त्यांचं काम. आम्ही इंग्रजीतच बोलत असू. मधूनच त्या मराठी बोलत, आणि ते बरं बोलत.

"तुमचं नाव मंजूर झालं," त्या म्हणाल्या.

मी केळ्याचं साल तसंच हातात धरून बसले.

"एक वर्ष. तिथल्या स्वयंपाकघरात तुमच्यासाठी वेगळी शेगडी. मी स्वतः लिहून कळवलं आहे. बोटीवरसुद्धा."

"आपले उपकार आहेत."

"उपकार कसले? ही मैत्री आहे." त्यांनी चहात चमचा फिरवला. "खरं सांगू? पलटणींनी जे इतक्या वर्षांत झालं नाही, ते एक चांगली शिक्षिका वर्गात करते. तुमच्याकडच्या मुली तुमच्या तोंडून आमची भाषा शिकल्या की त्या आमच्यावर कशाला रागावतील?"

त्या हे लपवून बोलल्या नाहीत. त्या चांगल्या होत्या. मला त्यांच्याविषयी आजही वाईट लिहिता येत नाही.

मग त्या म्हणाल्या, "जाईपर्यंत दर शनिवारी येत जा. तुमचं बोलणं मोकळं व्हायला हवं. पुस्तकातलं नको, रोजचं. शाळेत कोण आलं, कोण काय म्हणालं. तिकडून परत आल्यावरही आपण हे चालू ठेवू."

"बरं."

"आज शनिवारच आहे, आजच सुरुवात करू. तुमच्या हेडबाई, हळबेबाई, कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"संध्याकाळी मुली त्यांच्या घरी जातात म्हणे. काय करतात तिथे?"

"सूत काततात."

"आणि कातता कातता वाचतं कोण? काय वाचतात?"

मी शेवग्याकडे पाहिलं. ऊन बुंध्यावरून शेंड्याकडे सरकायला लागलं होतं. म्हटलं, "सूर्य खाली आला. मला नाव गाठायला हवी."

"हो, हो, निघा." त्या जिन्यापर्यंत आल्या. "तुमचे भाऊ हुजूर कचेरीत आहेत ना? दिवाणसाहेब त्यांचं नाव घेत होते. चांगलं म्हणत होते. पुढच्या शनिवारी बोलू."

घरी जेवण झालं होतं. माझं ताट झाकून ठेवलं होतं. दिवस जेमतेम होता म्हणून मी चार घास घेतले आणि हात धुतला.

भावाचं नाव पायगोंडा. त्या दिवशी तो जमिनीवर पाय टेकवत नव्हता. "आक्का, आज साहेबांनी मला नावानं हाक मारली. इतकी वर्षं 'ए कारकून' होतो मी!"

"लंडनला पाणी गाळायला फडकं मिळतं का हो?" वहिनीनं विचारलं.

"ही स्वतःच पेटीभर फडकी घेऊन जाईल. बोटीवरच्या गोऱ्यांना पण गाळून पाजंल!"

दोघं हसली. मीही हसले असेन. मग पायगोंडा माझ्याकडे बघत राहिला.

"आक्का, तोंड का असं?"

"मला जमेल का, ते बघते आहे."

"जमायला काय झालं?" तो जवळ येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. तू नको म्हणालीस तर उद्या मला कचेरीत बोलावून कारण विचारतील. मी काय सांगू? आजारी आहे म्हणू? ते डॉक्टर धाडतील. घरचे नको म्हणतात म्हणू? घरचा म्हणजे मीच. काहीतरी असं कारण लागंल, ज्याच्यापुढं त्यांना बोलता येणार नाही. आहे का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग जा की गं सुखानं. तुलाही जायचंच आहे. मला ठाऊक नाही का?"

मला जायचं होतं. श्राविकाश्रमात असताना एका पुस्तकात मी धुक्यातल्या रस्त्याचं चित्र पाहिलं होतं. त्या रस्त्यावर एक बाई पुस्तकं छातीशी धरून एकटी चालली होती. तिच्या मागं पुढं कुणी नव्हतं. ते चित्र मला अजून दिसतं.

सोमवारी शाळेत हळबेबाईंनी मला वऱ्हांड्यातच गाठलं. त्या आमच्या हेडबाई. मला त्यांनीच पहिल्यांदा इंग्रजी शिकवलं होतं, आश्रमात आठवड्यातून दोनदा चालत येऊन. जाडंभरडं खादीचं लुगडं, आवाज मात्र असा की हळू बोलल्या तरी तीन वर्ग मान वर करत.

"अनंतमती! चाललीस ना?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जा. त्यांची भाषा त्यांच्याच घरातून उचलून आण आणि आपल्या पोरींच्या ओटीत घाल. त्यांना वाटतंय, शिष्यवृत्ती देऊन माणूस विकत घेता येतो. त्यांना कळू दे."

"बाई," मी म्हटलं, "संध्याकाळी मुलींना बोलावणं थोडे दिवस बंद ठेवता का?"

"का?"

"आता दिवस लहान झालेत. लांबून येतात."

"घोळक्यानं जातात की." त्यांनी भुवया वर केल्या. "कुणी काही बोललं तुला?"

त्यांच्या घरी मुली सूत कातत होत्या हे खरं होतं. प्रजापरिषदेची पत्रकं वाचत होत्या हेही खरं होतं. राज्यकारभारात प्रजेचं माणूस असावं अशी मागणी त्यांत असे, आणि संस्थानात ती पत्रकं बाळगायला बंदी होती. ती कुठून येतात, कुणाच्या टोपलीतून नदी ओलांडतात, मला सगळं माहीत होतं. बाईंनीच सांगितलं होतं. माझ्यापासून त्या काही लपवत नसत.

आणि मी त्यांना मिस थॉर्नलींचा प्रश्न सांगितला असता, तर बाई त्याच पावली नावेत बसून पलीकडे गेल्या असत्या. बंगल्याच्या पायरीवर उभ्या राहून साऱ्या छावणीला ऐकू जाईल असं बोलल्या असत्या. मग त्यांना धरायला कुणाला काही विचारायची गरजच उरली नसती.

"कुणी काही बोललं नाही," असं मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "मुलींची काळजी वाटली."

"तू फार हळू बोलतेस. विलायतेत तुला कोण ऐकणार?" त्या हसत वर्गात गेल्या.

त्या मंगळवारी मी सकाळी बस्तीत गेले. आमच्याकडे जिनमंदिराला बस्ती म्हणतात. त्या वर्षी एक आर्यिका माताजी चातुर्मासासाठी तिथे उतरल्या होत्या. पांढरं वस्त्र, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच त्यांचा संसार. रोज सकाळी बायका त्यांच्यापुढे बसून दिवसभराचा नेम घेत. कुणी गोड सोडे, कुणी तूप, कुणी सांगे की आज वेशीबाहेर पाय टाकणार नाही. मीही रोज घेत असे.

माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडून म्हटलं, "माताजी, मला दिग्व्रत द्या."

बायका बोलायच्या थांबल्या. दिग्व्रत म्हणजे दहाही दिशांना आपली हद्द ठरवून घ्यायची आणि जन्मभर तिच्या बाहेर जायचं नाही. आमच्या धर्मात सांगितलेलं व्रत आहे, पण ते म्हातारी माणसं घेत, ज्यांचं जाणं येणं आधीच संपलेलं असे. मी पंचविशीही गाठली नव्हती.

"बाळ, वय काय तुझं?" माताजींनी विचारलं.

मी सांगितलं.

"कुणी घ्यायला लावतंय?"

"नाही."

"कुणावर रागावून घेतीस?"

"नाही, माताजी."

त्यांनी पिंछी मांडीवर ठेवली. "एकदा घेतलं की वाढवता येत नाही. एकीकडं कमी करून दुसरीकडं वाढवावं म्हटलं, तरी दोष लागतो. विसरली तरी दोष लागतो. म्हणून रोज म्हणावं लागतं. कळतंय का?"

"कळतंय."

"सांग तर. उत्तरेला?"

"वारणा."

"दक्षिणेला?"

"दूधगंगा."

"पश्चिमेला?"

"सह्याद्रीचा घाट."

"पूर्वेला?"

"कृष्णा."

माताजींनी दाराबाहेर नदीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "अलीकडचा काठ, का पलीकडचा?"

हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. बस्तीच्या दारातून नदी दिसते. नाव पलीकडून निघाली होती.

"अलीकडचा," मी म्हटलं.

"वर?"

"बस्तीचं शिखर."

"खाली?"

"घरची विहीर."

माताजींनी डोळे मिटून मंत्र म्हटला आणि पिंछी माझ्या डोक्यावरून फिरवली. मागे पायगोंडाची बायको बसली होती. तिच्या हातातलं अक्षतांचं तबक कलंडलं. तांदूळ वेचायला मी तिला मदत केली. मला काही वाटत नव्हतं. रडू नाही, भीती नाही. फरशी गार होती एवढं आठवतं.

पायगोंडा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आला आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाला, "विचारलं मला."

"काय सांगितलंस?"

"दिग्व्रत म्हणालो. दिवाणसाहेबांनी शास्त्रीबुवांना बोलावून अर्थ विचारला. मग म्हणाले, धर्माचं आहे, आपण काय बोलणार." तो खाली बसला. "आक्का, तू हे माझ्यासाठी केलंस का?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

मी त्याला वाढायला उठले.

शनिवारी मी चहाला गेले नाही, म्हणून मिस थॉर्नली स्वतः आल्या. शाळेच्या आवारात, चिंचेखाली, छत्री मिटून उभ्या राहिल्या.

"मी ऐकलं ते खरं आहे?"

"हो."

"नदी ओलांडायची नाही?"

"नाही."

"चहालासुद्धा?"

"नाही."

त्यांनी मराठीत विचारलं, "कधी घेतलं हे व्रत?"

"मंगळवारी."

"म्हणजे आपण बोललो, त्याच्यानंतर."

"हो."

शनिवार असल्यानं मुली घरी गेल्या होत्या. मिस थॉर्नलींचे डोळे निळे होते, त्यांत राग दिसला नाही. थकवा दिसला.

"तुमच्या धर्मात आम्ही हात घालत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तसं वचनच आहे आमचं." मग पिशवीतून त्यांनी तो तांब्याचा पेला काढला. "हा तुमच्यासाठीच घेतला होता. दुसऱ्या कुणाला चालायचा नाही."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. अजून माझ्याकडे आहे. अंगणात पाखरांसाठी पाणी घालून ठेवते.

हळबेबाईंना कळलं तेव्हा त्या आमच्या घरी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"कुणी घ्यायला सांगितलं तुला हे?"

"मी आपणहून घेतलं."

"आपणहून!" त्यांचा आवाज गल्लीत गेला. समोरची माणसं दारात आली. "मी आश्रमात पायपीट केली ती तुला या नदीच्या काठाला बांधून घालायला? विधवा म्हणून त्यांनी तुला कोपऱ्यात बसवलं, मी उठवलं. आता कुणी बसवत नव्हतं, तर तू स्वतः कोपरा आखून घेतलास?"

"बाई, आत या."

"नको. तुझ्या हद्दीत माझं काही काम नाही."

त्यानंतर शाळेत त्या माझ्याशी कामापुरतं बोलत. 'अनंतमती' म्हणायच्या, त्याचं 'बिरनाळेबाई' झालं.

शिष्यवृत्ती सुमित्रा पोंक्षेला मिळाली. आमच्याच शाळेत ती शिवण आणि इंग्रजी शिकवायची. हसतमुख, भोळी. दर शनिवारी नटून नावेत बसायची आणि आल्यावर सांगायची, "थॉर्नलीबाई किती मोकळ्या आहेत! मी काहीही बोलले तरी ऐकत बसतात." ती वाईट नव्हती. तिला बोलायला आवडायचं आणि तिचं बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. हळबेबाईंच्या घरी तीही कधीमधी कातायला जात असे. मी तिला एकदा म्हटलं, "सुमित्रा, सगळंच सांगू नये." ती म्हणाली, "त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

ती विलायतेला गेली, वर्षानं परत आली, पुन्हा शनिवारी जाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात प्रजापरिषदेची धामधूम झाली. शिपायांनी हळबेबाईंच्या घरात शिरून सरळ चुलीमागचा कोनाडा उघडला, पत्रकं तिथेच होती. बाईंना संस्थानातून हद्दपार केलं. त्यांनी पलीकडच्या काठावर, छावणीजवळच एक खोली घेतली. आमच्या घाटावरून त्या खोलीचं पत्र्याचं छप्पर दिसत असे. सुमित्रा हेडबाई झाली.

बाईंना अलीकडे यायची बंदी होती. मला पलीकडे जायचं नव्हतं. मी रोज घाटावर पाणी आणायला जात असे आणि छपराकडे बघून येत असे.

एका दुपारी मी कळशी भरत होते. घाटाच्या वरच्या पायरीवर संस्थानचा शिपाई बसला होता. पलीकडून नावाडी रायाप्पाची नाव निघाली. तीत एकच उतारू होता. नदीच्या मध्यावर, जिथे संस्थानची हद्द धरत, तिथे रायाप्पानं वल्हं रोवून नाव थांबवली. शिपाई उठून उभा राहिला.

"बसा हो, बसा!" नावेतून आवाज आला. "मी तुमच्या राज्यात येत नाही."

तो आवाज पाण्यावरून सरळ पायरीशी आला.

"अनंतमती!"

मी कळशी खाली ठेवली.

"सुमित्रा काल माझ्याकडे येऊन गेली. रडली. शनिवारी काय काय बोलायची ते सगळं सांगितलं. तिला आता कळलंय." बाई पुढं वाकल्या. "तुलाही शनिवारी बोलावलं होतं ना? तिच्या आधी?"

"हो."

"ऐकू आलं नाही!"

"हो," मी होता होईल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं.

"माझं नाव काढलं होतं?"

"हो."

"आणि तू एक शनिवार गेलीस, मग मंगळवारी ते व्रत घेतलंस."

आश्रम सोडताना मी सत्याचं अणुव्रत घेतलं होतं, हे बाईंना माहीत होतं. त्या दिवशी त्याच मला पोचवायला आल्या होत्या. मला चहाला बसून काही माहीत नाही म्हणता आलं नसतं. जायला जमत नाही असं खोटं कारणही सांगता आलं नसतं. म्हणून मी एक खरं कारण करून घेतलं होतं.

नाव पाण्यात थोडी फिरली. रायाप्पानं ती सरळ केली.

"अगं मग मला सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

बाई जोरात हसल्या. शिपाईसुद्धा हसला. मग हसू थांबलं आणि पाणी वाजत राहिलं.

"बरं झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं काम संपलं. मी हद्दपार झाले, शिष्यवृत्ती गेली, आता कुणाला कारण द्यायचंय? दुसरी नाव करून मध्यापर्यंत ये. पलीकडे नको येऊस. निम्म्या नदीपर्यंत ये. तुला जवळून बघू दे."

"येता येत नाही, बाई."

"हातभर अंतर गं! मोडलंस तर काय होईल?"

मी खालच्या पायरीपर्यंत उतरले. पाणी माझ्या पावलांपुढे होतं.

"मोडलं तर ते नुसतं निमित्त होतं असं होईल," मी म्हटलं. "त्या दिवशी मी खोटं बोलले असं होईल."

बाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. रायाप्पानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बाई, फिरवू का?"

"राहू दे जरा," त्या म्हणाल्या.

तो वल्हं धरून उभा राहिला. प्रवाहाला जोर होता, त्याचे दंड ताठ झाले होते. त्या नावेत बसल्या, मी पायरीवर बसले. ऊन माझ्या पायरीवरून उतरलं, मग पाण्यावरून सरकत पलीकडच्या पत्र्याच्या छपरावर गेलं.

"जा आता," बाई म्हणाल्या. आवाज हळू होता, तरी मला ऐकू आला. "दिवस मावळेल. उपाशी राहशील."

मी कळशी उचलली.

पुढे संस्थान विलीन झालं, नदीतली हद्द पुसली. त्याआधीच्या थंडीत बाई वारल्या. पलीकडच्या घाटावर त्यांना नेलं ते मी पायरीवरून पाहिलं. मुली मला विचारत होत्या, "बाई, जायचं नाही?" मी मान हलवली. धूर वाऱ्यानं आमच्याच बाजूला येत होता.

आता कृष्णेवर पूल आहे. एसटी दिवसातून कितीदा तरी पलीकडे जाते. मी सकाळी अंघोळ करून बस्तीत जाते आणि विसरू नये म्हणून म्हणते. उत्तरेला वारणा, दक्षिणेला दूधगंगा, पश्चिमेला घाट. वर शिखर, खाली विहीर. पूर्वेला कृष्णा.

अलीकडचा काठ.